जाजक, त्झात्झिकी आणि आपला चक्का

गोव्यात वागातोर-अंजुणेकडे मेनूकार्डावर 'त्झात्झिकी' (ग्रीकांची घट्ट दह्यातली काकडीची कोशिंबीर) वाचताना पुष्कळ जण अडखळतात. खरं तर मराठी जिभेला हा शब्द अवघड नाही. 'मी जातो'मधला ज घ्या आणि 'जाजीकी' म्हणा, दुसरा ज-ही तसाच, जीभ दाताला लावून. ग्रीक माणूस जवळपास असंच म्हणतो. त्याने हा शब्द तुर्कांच्या 'जाजक'वरून उचलला. तुर्कांचा ज मात्र 'जातपात'मधला.

'योगर्ट'ही तुर्कीच. घट्ट करणे, मळणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं आहे, आणि ११व्या शतकात महमूद काशगरीने बगदादेत रचलेल्या तुर्की कोशात तो आढळतो. काकडी गेली ती आपल्याकडून. तिची रानटी भावंडं आजही हिमालयाच्या पायथ्याशी सापडतात. अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, या दोघांची गाठ पडली. पण तुर्की जाजक बहुधा पातळ असतं: दही, पाणी, काकडी, लसूण, पुदिना, आणि वाटीत चमचा. आपल्या ताकाच्या जवळचंच.

ग्रीकांनी ते घट्ट केलं. १९२३च्या लोझान करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्म बघून माणसांची अदलाबदल केली. आधीच्या युद्धात पळून आलेले धरून सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. त्यांतल्या कित्येकांना तुर्कीशिवाय भाषा येत नव्हती. ग्रीक शहरांच्या जेवणावर अनातोलियाची छाप गडद झाली ती या निर्वासितांमुळे.

पुढची गंमत बाजाराची. अमेरिकेत 'ग्रीक योगर्ट'ची लाट आणली ती २००७ साली बाजारात आलेल्या चोबानी या कंपनीने, आणि तिचा मालक हमदी उलुकाया तुर्कस्तानातून आलेला कुर्द! २०१३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने अमेरिकेत बनलेलं दही तिथे 'ग्रीक योगर्ट' या नावाने विकायला मनाई केली. आपल्याला त्या नावाशी काय करायचंय? फडक्यात बांधून पाणी गाळलेलं दही म्हणजे चक्का, आणि तो श्रीखंडासाठी आपण कधीपासून टांगत आलोय.

ग्रीसमध्ये मेंढीचं दूधही वापरतात. त्यात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के, म्हणजे म्हशीच्या दुधाच्या आसपास. म्हणून माझं मत म्हशीच्या दह्याला. फक्त आषाढ-श्रावणात फोंड्याच्या दमट हवेत पुरचुंडी खुंटीला टांगलीत तर सकाळपर्यंत चक्का आंबट ढाण होतो. चाळणीत ठेवून, खाली पातेलं घेऊन, रात्रभर फ्रीजमध्येच गाळावा.

काकडीचा प्रश्न नाजूक. पावसाळ्यात गोव्यात तवशांची, म्हणजे मोठ्या गावठी काकड्यांची, रेलचेल असते. ताळावलीच्या सांतानाच्या चर्चमध्ये तर 'तवशांचें फेस्त' भरतं, मूल व्हावं म्हणून जोडपी सेंट अ‍ॅनला तवसं वाहतात. पण जून तवसं या कामाचं नाही, ते तवसळीला, म्हणजे तवशाच्या गोड केकला, ठेवा. इथे कोवळी, बारीक काकडी हवी. किसून मीठ लावायचं, पंधरा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळायची. मूठभर किसातून अर्धी वाटी पाणी सहज निघतं. हे पाणी राहिलं की त्झात्झिकीचं पुन्हा जाजक झालंच म्हणा. मग चक्क्यात कीस, वाटलेली लसूण (दोन पाकळ्या पुरे, रात्रीतून ती चढते), लिंबू, ऑलिव्ह तेल आणि बारीक चिरलेला शेपू. हो, शेपूच. भाजी म्हटल्यावर नाक मुरडणारी मंडळी इथे तो मिटक्या मारत खातात.

ऑलिव्ह तेल महाग म्हणून एकदा मी खोबरेल घातलं. चव वाईट नव्हती, पण फ्रीजमधून काढलं तेव्हा त्यात साबुदाण्यासारखे पांढरे कण झाले होते आणि पाहुणे दारात उभे होते.