डिझेल ट्रक सीएनजीवर करताना: आरसीवरचे वजन, पात्रता, कागदपत्रे आणि आरटीओतील नोंद

ट्रकला सीएनजी किट बसवल्यावर इंधनाचे किती पैसे वाचतील हा हिशेब प्रत्येक मालक करतो. वजनाचा हिशेब मात्र राहून जातो आणि पुढे वजनकाट्यावर तो महागात पडतो. आरसीवर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे मालासकट कमाल वजन, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते. किटमुळे पहिले वाढते. दुसरे जिथल्या तिथे राहते. मधला फरक हाच तुमचा माल, आणि तो कमी होतो.

केंद्राच्या १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने एक्सलवरील वजनाची मर्यादा वाढवली, पण ती ठरते एक्सल आणि टायरच्या संख्येवर. दोन टायरच्या पुढच्या एक्सलला ७ टन, चार टायरच्या मागच्या एक्सलला ११.५ टन, म्हणून दोन एक्सलच्या ट्रकला १८.५ टन. टाकीत डिझेल आहे की गॅस, याचा त्यात विचार नाही. गॅसच्या ट्रकला जादा वजन चालते असे तुम्ही ऐकले असेल. अमेरिकेत इंटरस्टेट (आंतरराज्य) महामार्गांवर नैसर्गिक वायूच्या आणि बॅटरीच्या ट्रकना ८०,००० पौंडांच्या मर्यादेवर २,००० पौंडांपर्यंत (सुमारे ९०७ किलो) जादा वजन नेता येते. ती सवलत तिथली आहे, आपल्याकडच्या दंडाच्या चलनावर तिचा उपयोग नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याकडे जी सूट मिळाली ती परमिटची होती, आणि तीही बॅटरी, इथेनॉल व मिथेनॉलवरच्या मालवाहनांना. सीएनजी त्यात नाही.

एक ढोबळ हिशेब

समजा १८,५०० किलो पासिंगचा दोन एक्सलचा ट्रक आहे, आरसीवर रिकामे वजन ६,२०० किलो. म्हणजे माल १२,३०० किलो. त्यावर ८० लिटरचे ६ सिलिंडर बसवले. पोलादी सिलिंडरचे वजन साधारण लिटरमागे १ किलो धरा, म्हणजे ४८० किलो. फ्रेम, पट्टे, पाइप मिळून आणखी ५०-६० किलो. २०० बार दाबाने भरल्यावर आतला गॅस सुमारे ७५ किलो. एकूण ६०० किलोच्या थोडे वर.

किट पूर्ण सीएनजीचे असेल तर डिझेलची टाकी निघते. १६० लिटरची भरलेली टाकी गेली की साधारण १६० किलो कमी होतात, निव्वळ वाढ सुमारे ४५० किलो. डिझेल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारे किट असेल तर टाकी तशीच राहते आणि पूर्ण ६०० किलो मालातून जातात. किट निवडतानाच हे पाहायला हवे. संमिश्र पदार्थांचे सिलिंडर बरेच हलके असतात, पण महाग. सिमेंट, स्टील, साखर अशा पूर्ण वजनाने भरणाऱ्या मालाला तो खर्च परवडू शकतो. कापूस किंवा रिकामे क्रेट नेणाऱ्याला पोलादी पुरेत, कारण त्यांची गाडी वजनाआधी जागेने भरते.

जुन्या सवयीने १२,३०० किलो भरले तर पूर्ण सीएनजी केलेल्या या गाडीत ४५० किलो जादा होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला मूळ दंड २०,००० रुपये, त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. वजन करायला नकार दिला तर ४०,००० रुपये.

कोणती गाडी पात्र

आधी आरसीवर उत्सर्जन मानक (धुराची मर्यादा ठरवणारे, बीएस-४, बीएस-६ असे) पाहा. ११ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने बीएस-६ गाड्यांना सीएनजी किट किंवा सीएनजी इंजिन बसवायला वाट दिली, पण ती ३.५ टनांपेक्षा कमी वजनाच्या गाड्यांना. म्हणजे छोट्या टेम्पोला ती वाट आहे. त्याहून मोठ्या बीएस-६ ट्रकला या अधिसूचनेचा आधार नाही, तसे किट घेऊन बसू नका. त्यांच्यासाठी कारखान्यातूनच सीएनजी असलेला ट्रक घेणे हा सरळ मार्ग. अशा गाडीचे रिकामे वजन निर्मात्यानेच नोंदवलेले असते, खालची धावपळ लागत नाही.

जुन्या मानकाच्या ट्रकला किट बसवता येते, पण त्या किटला तुमच्याच मॉडेलसाठी आणि इंजिनसाठी मान्यता हवी. ही मान्यता पुण्यातील एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट अशा अधिकृत चाचणी संस्था देतात आणि ती ३ वर्षांसाठी असते. फिटर दाखवतो त्या कागदावर तीन गोष्टी स्वतः वाचा: मान्यतेची मुदत, गाडीचे मॉडेल, इंजिनाची क्षमता. एक जरी जुळली नाही तरी निरीक्षक अर्ज परत करतो, आणि तोवर इंजिन उघडून झालेले असते. डिझेल इंजिन पूर्ण सीएनजीवर करताना कॉम्प्रेशन कमी करून स्पार्क प्लग बसवावे लागतात. मागे फिरणे स्वस्त नसते.

अर्ज आणि कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ही नोंद होते. महाराष्ट्रात बदलाच्या परवानगीसाठी बी.टी. आणि बदल झाल्याचे कळवण्यासाठी बी.टी.आय. असे दोन नमुने वापरतात. अर्ज परिवहन पोर्टलवर गाडी क्रमांक आणि चेसिसचे शेवटचे ५ अंक टाकून, वाहनातील बदल ही सेवा निवडून भरायचा. शुल्क तिथेच दिसते. आरसीवरचा मोबाइल क्रमांक बंद असेल तर ओटीपी येत नाही, म्हणून तो आधी बदलून घ्या. प्रलंबित ई-चलने आणि थकलेला कर हेही आधी मिटवा. किट बसल्यावर १४ दिवसांच्या आत कळवणे हे मालकाचे काम आहे, फिटरचे नाही.

सोबत लागतात: मूळ आरसी, चालू विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा, किटच्या मान्यतेची प्रत, अधिकृत फिटरचे बसवणीचे प्रमाणपत्र आणि बिल, प्रत्येक सिलिंडरचे चाचणी प्रमाणपत्र, मालकाचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती. हे पत्र यायला वेळ लागतो, म्हणून किटची आगाऊ रक्कम देण्याआधी ते मागा.

या यादीत काटा पावती आपण होऊन जोडा. रिकाम्या वजनात गाडीसोबत नेहमी असणारे सगळे साहित्य धरतात, चालक आणि क्लीनर धरत नाहीत. त्यामुळे स्टेपनी, जॅक, दोर, ताडपत्री गाडीत ठेवून, गॅस भरून, दोघांनी खाली उतरून वजन घ्या. पडताळणीची मुदत चालू असलेलाच काटा निवडा. पुढची चाके तेवढी काट्यावर घेऊन दुसरी पावती काढा. केबिनच्या मागे उभ्या चौकटीत सिलिंडर लावले की पुढच्या एक्सलवर भार वाढतो, आणि एकूण वजन मर्यादेत असूनही पुढचा एक्सल ७ टन ओलांडू शकतो. चेसिसच्या बाजूला, मागच्या एक्सलकडे सिलिंडर बसवून घेणे बहुतेक वेळा बरे.

तपासणीच्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेला क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहतो. अर्ज अडकतो तो इथे. फिटरने सिलिंडर असे बसवलेले असतात की क्रमांक केबिनच्या पत्र्याकडे किंवा पट्ट्याखाली जातो, मग पट्टे सोडून सिलिंडर फिरवावा लागतो आणि पुन्हा गळती तपासावी लागते. बसवतानाच क्रमांक बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा आणि प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या गाडीतून काढलेले सिलिंडर स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. त्यांची कागदपत्रे तुमच्या गाडीशी जुळत नाहीत आणि आतला गंज बाहेरून दिसत नाही. २०० बारचा दाब चालकाच्या पाठीशी असतो.

नवीन आरसी हातात आली की इंधनाच्या रकान्यापाशी थांबू नका. पूर्ण सीएनजी असेल तर ‘सीएनजी ओन्ली’, दोन इंधनांचे असेल तर ‘ड्युअल डिझेल/सीएनजी’ अशी नोंद हवी. त्यानंतर रिकाम्या वजनाचा रकाना पाहा. इंधन बदलले आणि वजन जुनेच राहिले, असे झाले असेल तर काटा पावती दाखवून तिथेच दुरुस्ती मागा. जुना आकडा राहिला तर आरसीवर माल जास्त दिसतो, भरणारा त्या हिशेबाने भरतो आणि दंड मालकाला बसतो.

ही आरसी विमा कंपनीला देऊन इंधनातील बदल आणि किटची किंमत पॉलिसीत चढवून घ्या. नोंद न केलेल्या किटवर आगीचा दावा नाकारला जाऊ शकतो, शिवाय मान्यता नसलेल्या बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. परमिटवर रिकामे वजन लिहिलेले असेल तर तेही बदलून घ्यायचे. माल देणाऱ्या ट्रान्सपोर्टरला नवा आकडा लेखी कळवा, कारण गाडी भरताना त्याच्याकडे जुनाच असतो.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली चाचणी) दर ३ वर्षांनी, अधिकृत केंद्रावर. पुढची तारीख गॅस भरण्याच्या व्हॉल्व्हजवळच्या पट्टीवर असते. ती उलटली की पंपावर गॅस नाकारतात. ६ सिलिंडर उतरवून, तपासून, परत चढवेपर्यंत गाडी उभी राहते, म्हणून फिटनेसच्या तारखेला जोडूनच हे काम लावावे.