मशीन घेण्याआधी आणि दुरुस्तीला आणण्याआधी हे वाचा

आमच्याकडे 'प्रेशर येत नाही' म्हणून जी एस्प्रेसो मशिनं येतात त्यातली बरीचशी ठणठणीत असतात. पंप चालतोय, हीटर तापतोय, वॉशर बरा आहे, आम्ही आमची ताजी दळलेली कॉफी भरून बटण दाबतो आणि तुमच्यासमोर कपात व्यवस्थित घट्ट धार पडते, मग तुम्ही आमच्याकडे संशयाने बघता, की यांनी मधल्यामधे काय केलं. काहीच केलेलं नसतं. घोळ मशीनमधे नव्हता, घरच्या डब्यातल्या पावडरीत होता. यात तुमची एक चक्कर वाया, आमचा अर्धा तास वाया, वर तपासणीच्या पैशांवरून दोघांचं तोंड कडू. म्हणून सगळं एकदा लिहूनच काढलंय.

आधी पावडर

मशीनचं काम तसं साधं आहे. साधारण ९२-९३ डिग्रीचं पाणी ९ बारच्या आसपास प्रेशरने कॉफीच्या थरातून ढकलायचं. दोन शॉटच्या जाळीत, म्हणजे दोन लहान कपांची पावडर मावते त्या जाळीत, १८ ग्रॅम पावडर, २५ ते ३० सेकंद, कपात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, इथून सुरुवात करा, पुढे आपापल्या जिभेप्रमाणे कमीजास्त करा. पण एक लक्षात घ्या, हे प्रेशर पंप एकटा तयार करत नाही. पाण्याला समोरून कोणीतरी अडवावं लागतं आणि ते काम पावडर करते. पावडर जाड असली की पाणी सरळ निघून जातं, आठ-दहा सेकंदात कप भरतो, कॉफी पातळ आणि आंबट, वर क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस, नावाला नाही. फार बारीक असली तर पंप घुरघुरत बसतो आणि खाली थेंब थेंब. दोन्ही वेळा मशीन बिचारं बरोबरच वागतंय, आणि दोन्ही वेळा आम्हाला फोन येतो तो 'प्रेशर गेलं' असाच.

किती बारीक हवी, हा रोजचा प्रश्न. बारीक रव्याहून बारीक पण मैदा नाही, चिमटीत घेतल्यावर किंचित खरखर लागली पाहिजे. मात्र नुसतं बोटांनी चाचपून भागत नाही, कारण बिया बदलल्या, रोस्ट (बियांची भाजणी) बदलला, पाकीट फोडून दोन आठवडे झाले की तीच जाडी चालत नाही, थोडी हलवावी लागते. पाकिटातली तयार पावडर कशी हलवणार?

आता सगळ्यात मोठा घोटाळा, फिल्टर कॉफीची पावडर. घरात असतेच, वास सुंदर, म्हणून लोक तीच भरतात. पाकीट उलटं करून बघा, कॉफी ७० टक्के चिकोरी ३० टक्के असं काहीतरी छापलेलं असेल, ते छापावंच लागतं, आणि नियमाने कॉफी निदान ५१ टक्के असली की झालं, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. चिकोरी हे भाजलेलं मूळ, गरम पाण्यात बरंचसं विरघळतं आणि चिकट होतं. स्टीलच्या किंवा पितळी फिल्टरमधे त्याचा फायदाच होतो, तिथे पाणी सावकाश उतरायला हवं असतं आणि डिकॉक्शनला रंगही येतो. एस्प्रेसोच्या जाळीत मात्र त्याचा लगदा होतो, भोकं बुजतात आणि तो थर वरच्या स्क्रीनपर्यंत, म्हणजे मशीनमधून पाणी पडतं त्या जाळीपर्यंत, जाऊन सुकतो. फिल्टर कॉफी वाईट असं आमचं अजिबात म्हणणं नाही, दुकानात सकाळी आम्ही तीच पितो, पण फिल्टरमधे करून. इन्स्टंट भरणारेही आहेत. ती थेट कपात टाका, तिला मशीन लागतच नाही.

तर मशीन पिशवीत घालायच्या आधी घरी एवढं करा. दांडा, म्हणजे पावडरीची जाळी ज्यात बसते तो, काढून नुसतं पाणी सोडा. वरच्या जाळीतून पाणी नीट पडतंय? मग पंप ठीक आहे. आता कॉफी न भरता रिकामी जाळी लावलेला दांडा अडकवा आणि परत सोडा. आता अडलं तर जाळी बुजलीय, गरम पाण्यात भिजवा आणि ब्रशने घासा. दुहेरी तळाच्या जाळीला बाहेरून एकच बारीक भोक असतं, ते मोकळं करायला जाडी सुई घालू नका, भोक मोठं झालं की ती जाळी प्रेशर धरत नाही, मग नवीनच घ्यावी लागते (आमच्याकडे मिळते, पण का घ्या). रिकाम्या जाळीतून पाणी मोकळं आलं आणि कॉफी भरली की अडतंय, तर मशीन आणू नका, पावडर बदला. दांडा न लावताही पाणीच येत नसेल, किंवा दांड्याच्या कडेने फवारा उडत असेल, किंवा पाणी तापतच नसेल, तर मात्र या, ते आमचं काम.

आणि कॉफी अडून बसली असेल तेव्हा दांडा लगेच फिरवून काढू नका. बऱ्याच छोट्या मशीनमधे आतलं प्रेशर सोडायचा व्हॉल्व्ह नसतो, गरम चोथा थेट अंगावर उडतो. बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा, मग हळूहळू फिरवा.

ग्राइंडर

इथे बहुतेकांचा चेहरा पडतो. सगळं बजेट मशीनमधे घातलेलं असतं आणि आम्ही ग्राइंडरचं नाव काढलं की वाटतं हे आता गळ्यात मारतायत. ठीक आहे, विकतो म्हणून सांगतोय हेही खरंच, पण उलटंही बघा, बजेट थोडं असेल तर आम्ही स्वतःच लहान मशीन आणि चांगला ग्राइंडर सुचवतो, भारी मशीन आणि पाकिटातली पावडर नाही. त्यात आमचं बिल कमीच होतं.

घरातला मिक्सर चालेल का? नाही. मिक्सरचं पातं बिया तोडतं, थोडं पीठ होतं, थोडे तुकडे तसेच राहतात, आणि मशीनमधे पाणी त्या तुकड्यांमधून वाट काढून पळतं. बर ग्राइंडर म्हणजे दोन दातेरी चकत्यांमधून दाणा जातो तो, त्यात जाडी एकसारखी येते आणि खुंटी फिरवून बदलता येते. रोज एक-दोन कप असतील तर हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर भरपूर झाला, त्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा बहुतेक वेळा तोच सरस निघतो. फक्त लाइट रोस्टच्या बिया कडक असतात, हात भरून येतो, आधीच सांगून ठेवतो.

ग्राइंडर घ्यायचाच नाही असं पक्कं असेल तरी बिघडत नाही. दुहेरी तळाची जाळी, ज्याला प्रेशराइज्ड बास्केट म्हणतात, ती याच लोकांसाठी असते. तिथे प्रेशर ते एक भोक तयार करतं, पावडर उन्नीस-बीस असली तरी कॉफी पडते, फेसही येतो. तो फेस खरा क्रेमा नव्हे, पण दुधात घालून पिणार असाल तर कोणाला काय कळतंय. रोस्टरकडून (बिया भाजून विकणाऱ्याकडून) चिकोरी नसलेली एस्प्रेसोसाठी दळलेली पावडर थोडी थोडी घ्या, डबा घट्ट लावा. मात्र ऑनलाइन व्हिडिओ बघून एकेरी तळाची जाळी मागवायची आणि पावडर पाकिटातलीच ठेवायची, हे करू नका, आमच्याकडे येणारी निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

बियांचं थोडक्यात सांगतो. पाकिटावर रोस्टची तारीख असलेल्याच घ्या, रोस्टनंतर आठवडाभर थांबा, पुढच्या महिना-दीड महिन्यात संपवा. कूर्ग, चिकमगळूरच्या चांगल्या बिया आता सहज मिळतात. दूध घालणार असाल तर डार्क किंवा मिडीयम-डार्क, त्यात थोडी रोबस्टा (कॉफीचीच एक जात) असली तर नाक मुरडू नका, अंगही येतं आणि क्रेमाही.

मग मशीन कुठलं?

व्हॉट्सॲपवर 'बेस्ट मशीन सांगा' असा मेसेज आला की आम्ही उलट तीन-चार प्रश्न विचारतो आणि काहीजण वैतागतात. पण दिवसाला किती कप, दूध घालून की नुसती, घरी पाहुणे किती येतात, पाणी कुठलं, हे कळल्याशिवाय काय सांगणार.

एक गिऱ्हाईक तर नेहमीचं. त्यांना हवी असते ती लग्नात मिळते तशी एस्प्रेसो, भरपूर दूध, वाफेने केलेला डोंगराएवढा फेस, वर चॉकलेट पावडर. ती कॉफी मस्तच असते, पण ती इन्स्टंट आणि वाफेवर होते, तिला पंपवालं मशीन लागत नाही. दूध फेसायचं साधं यंत्र घ्या, उरलेल्या पैशात घरच्यांना जेवायला न्या.

दुसरं, सहा जणांना एकदम कॉफी लागणारं घर. छोट्या मशीनमधे बहुधा एकच हीटर असतो, कॉफीसाठी एक तापमान, वाफेसाठी वेगळं, त्यामुळे कॉफी काढा, थांबा, दूध फेसा, परत थंड करा, परत कॉफी. सहावा कप होईपर्यंत पहिला पाहुणा चप्पल घालतो. अशा घराला आम्ही सरळ मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, सांगतो. १९३३ सालचं इटालियन डिझाइन आहे, बियालेटीचं, आत मोडण्यासारखं जवळजवळ काही नाही, वॉशर बदलला की झालं. प्रेशर एक-दोन बारच, त्यामुळे ती एस्प्रेसो नव्हे पण कडक आणि दाट कॉफी, दुधाला पुरून उरते. पाणी व्हॉल्व्हच्या खाली, पावडर एस्प्रेसोपेक्षा जाड, दाबायची नाही, गॅस बारीक. लहान साइज आपल्या शेगडीवर कलंडतो, वर ठेवायची जाळी सोबत घ्या. ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर तापत नाही, इंडक्शनवाल्यांनी इंडक्शनवर चालणारा स्टीलचा बघा.

नुसती कॉफी किंवा एक-दोन कपुचिनो असेल तर मात्र पंपवालं छोटं मशीन. डेलॉन्गी डेडिकासारखं ५१ मिलिमीटरच्या दांड्याचं मशीन जागा कमी खातं, पटकन तापतं. गॅजिया क्लासिकसारख्यात ५८ मिलिमीटरचा दांडा येतो, तोच माप कॅफेतल्या बहुतेक मशीनला असतो त्यामुळे जाळ्या, टॅम्पर (पावडर दाबायचा ठोकळा) सगळं मिळतं, आणि उघडून दुरुस्त करायला सोपं. तापायला वेळ लागतो, सकाळी घाईत असणाऱ्यांनी विचार करून घ्यावं.

खोक्यावरच्या '१५ बार', '२० बार' वर जाऊ नका. तो पंपाचा कमाल आकडा असतो, कॉफीला लागतात ९ च्या आसपास. जास्त बार म्हणजे जास्त चांगली कॉफी असं काही नसतं. उलट पंप नसलेली, नुसत्या वाफेवर चालणारी स्वस्त मशिनं असतात, त्यांना तीन-चार बारच्या वर जाता येत नाही आणि पाणी उकळतं ते वेगळंच, कॉफी जळकी लागते. १९४० च्या दशकात गॅजियाने स्प्रिंगच्या लिव्हरने प्रेशर वाढवलं तेव्हा कुठे कपावर क्रेमा आला, त्याआधी इटलीतही वाफेवरच चालायचं. ती वाफेची मशिनं आम्ही ठेवत नाही, खप चांगला असूनही. विकली की महिन्याभरात गिऱ्हाईक परत येतं आणि त्याला सांगण्यासारखं आमच्याकडे काही नसतं.

अमेरिकेहून आणलेलं

भाचा येताना घेऊन येतो, तिथे सेलमधे स्वस्त मिळालेलं असतं. तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. प्लग बदलून सरळ लावलं की हीटर नाहीतर बोर्ड जातो, बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण चौदाशे-पंधराशे वॉटच्या मशीनला २००० वॉटचा तरी लागतो, तो ओट्यावर मशीनइतकीच जागा अडवतो, आणि ट्रान्सफॉर्मरने फक्त व्होल्ट बदलतात, तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० चीच राहते, त्यामुळे तिथला पंप इथे मंद चालतो. भाच्याला सांगा हँड ग्राइंडर आण, त्याला वीज लागत नाही. इंग्लंड किंवा दुबईचं मशीन चालतं, फक्त पिन बदलावी लागते.

पाणी

बोअर किंवा टँकरचं पाणी सरळ टाकीत ओतू नका, आत क्षार धरतात, आधी वाफ कमी होते मग पाणीच बंद. आणि आरओचं अगदी कोरं पाणीही बरं नाही, चव सपाट येते, काही मशीनचा सेन्सर तर अशा पाण्याला पाणीच मानत नाही. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतं ते) १०० ते १५० दिसलं की निर्धास्त वापरा, आरओमधे थोडं फिल्टर केलेलं नळाचं पाणी मिसळून तेवढं आणता येतं. डीस्केल, म्हणजे आतले क्षार काढणं, दोन-तीन महिन्यांनी, पाणी हलकं असेल तर त्याहून उशिरा. व्हिनेगर नको, वास जाता जात नाही आणि रबर खराब होतं.

दुकानाचे नियम

तपासणीचे पैसे आम्ही घेतो आणि मशीन चांगलं निघालं तरी परत देत नाही. त्यावर कुरकुर होते, पण उघडून बघायला वेळ तेवढाच जातो, बिघाड सापडो न सापडो. त्या पैशात तुमच्या समोर बसून तुमच्याच पावडरीवर दोन शॉट काढून दाखवतो आणि काय चुकतंय ते सांगतो, हे दुसरीकडे मिळत असेल तर जरूर जा. ग्राइंडर घेतलात तर तपासणीचे पैसे बिलात वळते करतो.

मशीन ऑनलाइन घेतलेलं असलं तरी दुरुस्त करतो, दर सगळ्यांना एकच. फक्त आमच्याकडून घेतलेल्यांचं आधी हातात घेतो, एवढा पक्षपात राहणारच.

येताना दांडा, जाळ्या आणि रोज वापरता ती पावडर तिच्या मूळ पाकिटासकट आणा. निघण्यापूर्वी फोन करा. आणि कृपा करून टाकीतलं पाणी घरीच ओतून या, रिक्षात सांडतं आणि मग मशीन गळतंय अशी तक्रार लिहून घ्यावी लागते.