ठाकूरचा सूड, उंदराची कळ

पुण्यातल्या अलका टॉकीजच्या चौकात कॅमेरा रोवून दहा मिनिटं नुसतं चित्रण केलं आणि ते पाच जणांना दाखवलं, तर पाच जण पाच ठिकाणी बघतील. कुणी सिग्नल तोडणाऱ्या स्कूटरकडे, कुणी पोस्टरकडे, कुणी फुटपाथवर चढलेल्या रिक्षाकडे. न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कचं असंच न कापलेलं चित्रण मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्रात पडून राहिलेल्या प्रेक्षकांना दाखवलं होतं. मेंदूच्या बाह्यपटलाचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग सगळ्यांमध्ये एका चालीने चालत होता. सर्जिओ लिओनेचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ लावल्यावर मात्र हा आकडा ४५ टक्क्यांवर गेला. हिचकॉकच्या टीव्ही मालिकेतल्या एका भागाने तर ६५ टक्के गाठले. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

यात संकलकाचा हात मोठा. लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे तो उगीच नव्हे. ‘शोले’ला फिल्मफेअर मिळालं ते एकच, आणि तेही संकलक एम. एस. शिंदे यांना. पण माझ्या मते कात्रीच्याही आधी एक गोष्ट लागते. पडद्यावरच्या माणसाला नेमकं काय हवंय ते कळायला हवं. लिओनेच्या त्या चित्रपटात तीन बंदूकबाज आहेत आणि पुरलेलं सोनं एकच. मग कुणाची नजर कुठे वळली आणि का वळली, ते सांगावं लागत नाही.

हेतू शोधण्याची ही खोड किती खोलवर आहे ते मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी १९४४ मध्येच दाखवून दिलं. अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजच्या विद्यार्थिनींना त्यांनी एक छोटीशी फिल्म दाखवली. त्यात होते एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक चकती आणि दार असलेला एक चौकोन. बस्स, एवढंच. पहिल्या गटातल्या ३४ जणींपैकी फक्त एकीने ‘आकृती सरकल्या’ असं भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. बाकीच्यांना दांडगट त्रिकोण दिसला, घाबरलेली चकती दिसली, मारामारी दिसली. कागदी आकृत्यांनाही आपण हेतू चिकटवतो, तर एकाच ध्यासाने पेटलेला नायक म्हणजे प्रेक्षकाच्या मेंदूला आयतंच ताट. उलट, कोट्यवधी खर्चून उडवलेल्या गाड्या बघतानाही जांभया येतात, तेव्हा बहुधा कोण कुणाला का बडवतंय हेच कळेनासं झालेलं असतं.

आता त्या ध्यासाच्या आत काय चालतं ते बघू. ‘जंजीर’मधल्या विजयला लहानपणापासून एकच स्वप्न छळतं. आईवडिलांच्या खुन्याच्या मनगटातली साखळी आणि तिला लटकणारा पांढरा घोडा. चेहरा नाही, नाव नाही, नुसती खूण. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची, म्हणजे डोपामिन या रसायनातून निरोप धाडणाऱ्या पेशींची नोंद घेतली, तेव्हा अशाच खुणेचा प्रताप दिसला. सुरुवातीला फळांचा रस मिळाला की पेशी सळसळायच्या. दिवा लागला की रस येतो हे माकड शिकलं, आणि पेशी दिव्यालाच सळसळू लागल्या. प्रत्यक्ष रस आला तरी त्या थंड. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल मंदावायची. पटकथेत तो घोडा दिव्याचं काम करतो.

डोपामिनला सर्रास ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तर हटकून. ते बरोबर नाही. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विजेची तार बसवली आणि कळ दाबली की मेंदूला बारीकसा झटका बसेल अशी सोय केली. उंदीर कळ दाबत सुटले. त्यांना सुख होतंय, असा अर्थ तेव्हा लावला गेला. पुढे मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी दुसऱ्या टोकाने तपासलं. डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर समोरचं अन्न घ्यायलाही हलत नाहीत, उपाशी राहतात. पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं, तर ते नेहमीसारखेच चवीने ओठ चाटतात. म्हणजे चव लागत होती, फक्त तिच्यामागे धावणं बंद पडलं होतं. धाव एका यंत्रणेची, सुख दुसरीचं.

सूडालाही हे लागू पडतं. झुरिकमध्ये २००४ साली एक प्रयोग झाला. पैशांच्या खेळात विश्वासघात करणाऱ्या जोडीदाराला दंड करायचा की नाही, हे ठरवताना लोकांच्या मेंदूची पेट स्कॅनने पाहणी केली. स्ट्रायाटम हा बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग जागा झाला. ज्यांच्यात तो जास्त जागा झाला, त्यांनी दंड करण्यासाठी पदरचे पैसेही जास्त मोजले. पण दंड करून झाल्यावर काय? केव्हिन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २००८ मध्ये तेच मोजलं. बदला घेतला की बरं वाटेल, असा सगळ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बदला घेणाऱ्यांनाच जास्त वाईट वाटलं, आणि त्या दगाबाजाचा विचार त्यांच्याच डोक्यात जास्त वेळ घोळत राहिला. ज्यांना संधीच मिळाली नाही, ते विसरून पुढे गेले.

‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला मारतो आणि मग रडतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरला हे चाललं नाही, म्हणून आपण वर्षानुवर्षं पाहिलेल्या चित्रपटात ऐनवेळी पोलीस येतात. कायद्याच्या आदरापोटी केलेला हा बदल मानसशास्त्रालाही मानवला असता, ही गंमत. कथा म्हणून मात्र मला मूळचा रडणारा ठाकूरच पटतो.

एक खुलासा. अशा पात्रांना गप्पांमध्ये सहज ‘ओसीडी’चं (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) लेबल लावलं जातं. त्या आजारात नको असलेले विचार घुसतात. रुग्णाला ते आपले वाटत नाहीत, त्यांची भीती वाटते, आणि ती शमवण्यासाठी तो पुन्हा पुन्हा हात धुतो किंवा कडी तपासतो. ठाकूरला आपला ध्यास पूर्ण मान्य आहे. ओसीडीच्या उपचारांतल्या एका प्रमुख पद्धतीत रुग्णाला टप्प्याटप्प्याने त्या भीतीसमोर आणतात आणि कडी न तपासताच थांबायला शिकवतात. अस्वस्थता काही वेळाने आपोआप उतरते, याचा अनुभव त्याला पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.