थर दाबले की काय होते?

अतिवाहक पदार्थाचा विद्युतरोध एका ठरावीक तापमानाखाली पूर्णपणे नाहीसा होतो. या तापमानाला संक्रमण तापमान म्हणतात. शिशासारख्या साध्या धातूवर दाब दिला तर हे तापमान सहसा उतरते, कारण अणूंची जाळी ताठर होते आणि इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवणारी तिची कंपने तितकी प्रभावी राहत नाहीत. थरांनी बनलेल्या पदार्थांत मात्र दाबामुळे थरांमधले अंतर घटते, बंधांचे कोन बदलतात आणि अतिवाहकतेशी स्पर्धा करणारी इलेक्ट्रॉनांची मांडणी मोडू शकते, त्यामुळे तापमान वर चढण्याचीही शक्यता असते. आयर्न सेलेनाइडचे संक्रमण तापमान 8 केल्विन आहे; सुमारे 9 गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या जवळपास 90 हजार पट दाबाखाली ते 37 केल्विनपर्यंत जाते.

असा दाब सहसा दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये कणभर नमुना धरून मिळवतात, म्हणून त्याचा थेट उपयोग कमी. खरा उपयोग दिशा दाखवण्याचा. 1986 मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांना लँथॅनम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडात सुमारे 30 केल्विनला अतिवाहकतेची चिन्हे दिसली. भौतिकशास्त्रज्ञ पॉल चू यांनी त्यावर दाब दिला, तेव्हा हा आकडा 40 च्या पुढे गेला. मग बाहेरून दाबण्याऐवजी लँथॅनमच्या जागी आकाराने लहान असा इट्रियमचा अणू बसवला तर स्फटिक आतूनच आवळला जाईल, असा विचार पुढे आला, आणि 1987 मध्ये 93 केल्विनचा पदार्थ हाती लागला. गंमत अशी की त्याची स्फटिकरचना जुन्या पदार्थापेक्षा वेगळीच निघाली. तर्क अपुरा होता, पण वाट बरोबर सापडली.

2023 मध्ये लँथॅनम आणि निकेलच्या एका ऑक्साइडात 14 गिगापास्कलच्या वर सुमारे 80 केल्विनला अतिवाहकता आढळली. त्यात निकेलचे दोन शेजारचे थर ऑक्सिजनच्या अणूने जोडलेले असतात आणि दाबाखाली या जोडाचा 168 अंशांचा कोन सरळ, म्हणजे 180 अंशांचा होतो. पुढे याच पदार्थाचा पातळ पापुद्रा अशा आधारावर वाढवण्यात आला, की आधारातील अणूंमधले लहान अंतर त्याला आडव्या दिशेने आवळून धरते. तेव्हा बाहेरून दाब न देताही सुमारे 40 केल्विनला अतिवाहकतेची सुरुवात दिसली. आडवा आवळलेला हा पापुद्रा उभ्या दिशेने मात्र किंचित ताणला जातो, म्हणजे हिऱ्यांमध्ये जवळ येणारे थर येथे उलट थोडे दुरावतात.