३०१ आणि ३०२: पत्ता बदलला, की नुसता वळसा?

पान मागितलं की सर्व्हर ब्राउझरला एक तीन आकडी कोड देतो: २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्याच पोटात काहीतरी बिघडलंय. साइट सांभाळणाऱ्याला एवढं पाठ असतंच. घोळ असतो तो तीनशेच्या घरातल्या रिडायरेक्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या कोडांत, आणि तिथं एकच चुकीचा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: ‘३०१ हा पक्का रिडायरेक्ट, ३०२ हा कच्चा. गूगलला ३०१ आवडतो, तेव्हा सगळीकडे तोच टाका.’ हा सल्ला ऐकू नका.

दिसायला दोन्ही जुळे भाऊ. सर्व्हर तीन आकडी कोड पाठवतो, सोबत ‘लोकेशन’ नावाच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) नवा पत्ता देतो आणि ब्राउझर मुकाट तिकडे जातो. चाचणी करणारा एकदा लिंक दाबतो, पान उघडतं, ‘चालतंय’ म्हणून मोकळा होतो. पण पहिल्या भेटीत या दोघांतला फरक कळतच नाही, तो कळतो तोच माणूस दुसऱ्यांदा आला की.

३०२ मिळालेला ब्राउझर पुढच्या वेळी पुन्हा जुन्याच पत्त्यावर येऊन विचारतो, ‘आज कुठं जाऊ?’ ३०१ मिळालेला ब्राउझर विचारायला येईलच असं नाही. उत्तर त्याने स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे मशीनवरच्या साठ्यात, ठेवलेलं असतं, ते वाचून तो थेट नव्या पत्त्यावर जातो.

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं ‘बेळगावी’ झालं. शिक्के बदलले, पाट्या बदलल्या, नोंदी बदलल्या, हा ३०१. दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला कर्नाटकचं अख्खं मंत्रिमंडळ बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात येऊन बसतं, तो ३०२. त्या दिवसांत फाइल हलग्याला न्यायची हे खरं, पण म्हणून खात्याचा पत्ता कुणी वहीत खोडून लिहीत नाही. अधिवेशन उठलं की फाइल पुन्हा बेंगळुरूला. (घरात आणि खडेबाजारात आपण अजून बेळगावच म्हणतो, तो भाग वेगळा. रिडायरेक्ट न पाळणारे क्लायंट, म्हणजे पान मागणारे प्रोग्राम, सगळीकडेच असतात.)

आता खरी गोम. ३०१ किती दिवस लक्षात ठेवायचा हे तुम्ही ‘कॅश-कंट्रोल’ हेडरमध्ये सांगितलं नसेल, तर ते ब्राउझर आपल्या मनाने ठरवतो. ३०२ चं उलट आहे: मुद्दाम मुदत दिल्याशिवाय तो साठवला जात नाही. त्यामुळे चुकीचा ३०२ सर्व्हरवरून काढला की चूक त्याच क्षणी मिटते. चुकीचा ३०१ काढला तरी तो लोकांच्या मोबाइलमध्ये शिल्लक राहतो, आणि तो तुम्हाला परत मागवता येत नाही. अशा माणसाची विनंती जुन्या पत्त्यावर येतच नाही, म्हणजे सर्व्हरच्या लॉगमध्येही (विनंत्यांच्या नोंदवहीत) काही दिसत नाही. मग फोन सुरू होतात: मुलाच्या मोबाइलवर उघडतंय, दुकानातल्या कॉम्प्युटरवर भलतीकडेच जातंय.

समजा, कुंदा विकणाऱ्या एखाद्या दुकानाने दिवाळीपुरतं मुखपृष्ठ ‘दिवाळी ऑर्डर’च्या पानाकडे वळवलं आणि त्यासाठी ३०१ वापरला. दिवाळी झाली, नियम काढला, ते पानही पुसलं. नव्या गिऱ्हाइकाला मुखपृष्ठ नीट दिसतं. वर्षभर येणारं नेहमीचं गिऱ्हाईक मात्र थेट पुसलेल्या पानावर जाऊन ४०४ बघतं. ज्यांना जपायचं, तेच अडकतात.

आपल्या सीमाभागातली खास चूक भाषेची. साइट मराठी, कन्नड आणि इंग्रजीत असते. सर्व्हर ब्राउझरची भाषा बघतो आणि मुखपृष्ठावरून योग्य भाषेच्या पानाकडे धाडतो. इथं ३०१ लावणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. घरातल्या एका कॉम्प्युटरवर पहिल्यांदा कन्नड पान उघडलं की पुढं कुणी मेनूतून मराठी निवडली, कुकीत (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या चिठ्ठीत) तशी नोंदही झाली, तरी साइटचा मूळ पत्ता टाकला की पुन्हा कन्नडच. कारण कुकी वाचायला विनंती सर्व्हरपर्यंत जायला तर हवी! निप्पाणीपासून खानापूरपर्यंत एकाच घरात दोन लिप्या वाचल्या जातात, तिथं भाषेची निवड ही दर वेळी विचारायचीच गोष्ट. ३०२ लावा.

याहून वाईट म्हणजे चक्र. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ दिला, आठवड्याने मन बदललं, म्हणून नव्यावरून जुन्याकडे उलटा रिडायरेक्ट लावला. ज्याच्या ब्राउझरमध्ये पहिला ३०१ साठलाय तो जुन्याकडे धाडला की स्वतःच्या कॅशमधून नव्याकडे येतो, तिथून पुन्हा जुन्याकडे. क्रोम वीस फेऱ्यांनंतर हात टेकतो आणि ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ची पाटी दाखवतो. तुमच्या मशीनवर कॅश रिकामी असेल तर तुम्हाला यातलं काहीच दिसणार नाही.

अशा वेळी औषध जुन्या पत्त्यावर लावून उपयोग नाही, कारण अडकलेली माणसं तिथं फिरकतच नाहीत. ती नव्या पत्त्यावर येतात, तेव्हा इलाजही तिथंच. त्या पत्त्यावर खरं पान ठेवा, किंवा तिथून तिसऱ्याच पत्त्याकडे ३०२ द्या. जुन्याकडे मात्र कधीच परत धाडू नका. मेनूतल्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या लिंका तुमच्या हातात असतील तर जुन्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन एखादी खूण जोडा. ब्राउझरच्या दृष्टीने तो वेगळा पत्ता होतो आणि साठलेला ३०१ लागू पडत नाही. गिऱ्हाइकाला ‘कॅश साफ करा’ सांगणं हा शेवटचा उपाय, कारण निम्मी माणसं इतिहास पुसतात आणि कॅश तशीच ठेवतात.

मुळात हे होऊच नये म्हणून कायमचा बदलसुद्धा आधी ३०२ ने करावा. आठवडाभर लॉग बघा, सगळे पत्ते बरोबर जागी जातायत याची खात्री करा, मग ३०१ करा. तोही मुदतीसकट: कॅश-कंट्रोलमध्ये आधी ३६०० सेकंद म्हणजे एक तास, सगळं सुरळीत असेल तर ८६४०० म्हणजे एक दिवस. मुदत न लिहिता दिलेला ३०१ म्हणजे तारीख न टाकता सही केलेला चेक.

सर्च इंजिनचं भय दाखवतात त्यात तथ्य एवढंच: गूगल ३०१ ला ‘नवा पत्ता हाच खरा’ याची ठळक खूण मानतं, ३०२ ला पुसट खूण मानतं. दिवाळीपुरत्या वळशाला आपल्याला पुसटच खूण हवी असते.

डोमेन बदललं, किंवा साध्या एचटीटीपीवरून सुरक्षित एचटीटीपीएसवर गेलात, तर मात्र ३०१ च हवा आणि तो स्पष्ट लिहायला हवा. आकडा न देता ‘रिडायरेक्ट’ लिहिलं तर अपाचे हे सर्व्हर-सॉफ्टवेअर ३०२ देतं. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतून नुसतं लोकेशन हेडर पाठवलं तरी ३०२ च जातो. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या रीराइट नियमात ‘पर्मनंट’ लिहिलं तर ३०१, ‘रिडायरेक्ट’ लिहिलं तर ३०२. आणि असा नियम लगेच काढू नका. गूगलच किमान एक वर्ष ठेवायला सांगतं. जुने पत्ते चिवट असतात. गावाचं नाव बदललं तरी रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनचा कोड बीजीएमच आहे. जुन्यावरून मधल्याकडे, मधल्यावरून नव्याकडे अशा साखळ्याही नकोत. दर कडीला एक फेरी वाढते आणि गूगलबॉट (गूगलसाठी पानं धुंडाळणारा प्रोग्राम) दहा कड्यांपुढे जात नाही.

फॉर्मची गोष्ट वेगळी आहे. ‘पोस्ट’ने, म्हणजे मजकूर सोबत नेणाऱ्या विनंतीने, पाठवलेली माहिती ३०१ किंवा ३०२ वर आपटली की ब्राउझर बहुतेकदा पोस्टचं ‘गेट’, म्हणजे नुसतं पान मागणारी विनंती, करतो आणि आतला मजकूर गळून पडतो. १९९६ च्या एचटीटीपी १.० या मानकातच याला चूक म्हटलंय, पण ब्राउझरांची सवय सुटली नाही आणि पुढं मानकानेच ती चालवून घेतली. म्हणून १९९९ मध्ये ३०७ आला आणि २०१५ मध्ये ३०८ पक्का झाला. ३०७ म्हणजे तात्पुरता, ३०८ म्हणजे कायमचा, आणि दोन्हीत पोस्ट पोस्टच राहतो. उदाहरणार्थ, एचटीटीपीच्या पत्त्यावर ऑर्डर किंवा पेमेंटचा निरोप येतो, ३०१ ने एचटीटीपीएसकडे जातो आणि पोचतो तेव्हा रिकामा असतो. अशा जागी ३०८ द्या. त्याहून बरं म्हणजे पाठवणाऱ्याकडचाच पत्ता दुरुस्त करा. फॉर्म स्वीकारून झाल्यावर ‘धन्यवाद’च्या पानाकडे न्यायला ३०३ आहे.

तपासणी नेहमीच्या ब्राउझरने करू नका, तो कॅशमधलं सांगेल. कमांड लाइनवर कर्ल या प्रोग्रामला डॅश आणि कॅपिटल आय देऊन पत्ता द्या, पहिली ओळ आणि लोकेशन वाचा. ब्राउझरच वापरायचा तर डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबवर ‘डिसेबल कॅश’ आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’ दोन्हीवर टिक करा. तिथं क्रोममध्ये कधी ‘३०७ इंटर्नल रिडायरेक्ट’ दिसतो आणि माणसं तो सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये शोधत बसतात. तो सर्व्हरने पाठवलेलाच नसतो. बहुतेकदा साइटने कधीतरी एचएसटीएस हेडर (‘इथं फक्त एचटीटीपीएसनेच या’ हा निरोप) दिलेलं असतं, ते लक्षात ठेवून क्रोम स्वतःच एचटीटीपीचं एचटीटीपीएस करतो. त्या हेडरची मुदत संपेपर्यंत किंवा ब्राउझरमधली नोंद पुसेपर्यंत सर्व्हरवर ३०१ चा ३०२ करा नाहीतर ३०२ चा ३०१, तो ३०७ जागचा हलणार नाही.