धोतर, साडी की परकराची नाडी? कंबरेवरच्या कॅन्सरची पार्श्वभूमी

नऊवारीतल्या आजीला कधी पाठ चोळून दिली असेल, तर कंबरेभोवतीचा तो पट्टा ओळखीचा असेल. बोटभर रुंद, आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळपट, हाताला जाड आणि खरखरीत लागणारा. कुणाकुणाचा मधूनच पांढुरका पडलेला असतो. घरात त्याला 'नाडीचा वळ' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये या वळाची बातमी झाली आणि साडीमुळे कॅन्सर होतो असे मथळे फॅमिली ग्रुपवर फिरू लागले. सगळ्यांनी ती नवी म्हणून वाचली. प्रत्यक्षात ती जवळपास ऐंशी वर्षांची आहे, आणि तिची सुरुवात बायकांच्या नव्हे तर पुरुषांच्या कंबरेपासून झाली.

त्याआधीचा इतिहास लांबचा आहे. लंडनमध्ये १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषावरच्या कातडीचा कॅन्सर काजळीशी जोडला गेला. पॅरिसच्या एका शल्यविशारदाने १८२८ मध्ये जुन्या व्रणांवर उगवणाऱ्या गाठींचं वर्णन केलं. ते कॅन्सर आहेत हे त्याला उमगलं नव्हतं, तरी जुन्या वणावरच्या कॅन्सरला आजही त्याचंच नाव आहे. काश्मिरात फिरनच्या, म्हणजे सैल अंगरख्याच्या, आत कांगडी ही निखाऱ्यांची टोपली धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कॅन्सर १८६६ साली एका मिशनरी डॉक्टरने नोंदवला. म्हणजे रोजची सवय, वर्षानुवर्षं एकाच जागी सोसणारी कातडी आणि शेवटी व्रण ही साखळी वैद्यकाला अनोळखी नव्हती.

आपल्याकडची गोष्ट १९४५ ची. परळचं कॅन्सर रुग्णालय सुरू होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. मुंबईच्या दोन पॅथॉलॉजिस्टांनी एका अमेरिकन नियतकालिकात भारतीय सवयींशी निगडित असे तीन नवे कॅन्सर मांडले. पहिला खैनी ओठात धरणाऱ्यांच्या ओठाचा. दुसरा चुट्ट्याचं, म्हणजे जाड देशी चिरुटाचं, पेटतं टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूचा. तिसरा कंबरेला धोतर आवळून नेसणाऱ्यांच्या कातडीचा, म्हणजेच 'धोती कॅन्सर'. रोज त्याच रेघेवर कापड आवळलं जातं, खाली घाम आणि धूळ साचते, कातडीचा रंग जातो, ती जाड होते, भेगाळते आणि एके दिवशी भेग भरायची थांबते. या वर्णनात पुढच्या पिढ्यांनी फारशी भर घातलेली नाही.

पुढे धोतर गेलं, पँट आली. साडी मात्र राहिली, आणि तिच्याबरोबर परकराची नाडीही. रुग्णांत बायका दिसू लागल्या आणि २००० नंतर मुंबईतल्या डॉक्टरांच्या लेखांत 'साडी कॅन्सर' हे नाव आलं. खरा घोळ इथून सुरू होतो.

साडी कंबर आवळत नाही, नाडी आवळते. निऱ्या सुटू नयेत म्हणून ती कचकून ओढायची, गाठ नेहमीच्याच बाजूला मारायची, आणि शेतात वाकून काम असेल तर अजून एक वेढा. त्यामुळे ज्यावरून बातमी झाली त्या २०२४ च्या वैद्यकीय लेखात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी नाव बदलून 'पेटीकोट कॅन्सर' हा शब्द पुढे केला. तर्क बरोबर होता. पण त्याच लेखात दोन रुग्ण आहेत, आणि दुसरी परकर वापरतच नव्हती. साठीच्या शेवटाला आलेली ही बाई चाळीस वर्षं रोज लुगडं नेसत होती, आत काही नाही, थेट कंबरेला आवळून. म्हणजे नवं नाव पहिल्याच लेखात निम्म्या रुग्णांना लागू पडलं नाही! आपल्याकडच्या पत्रकारांनी मग साडी, पेटीकोट आणि लुगडं यांची खिचडी केली आणि ज्या बायकांना सावध करायचं त्या 'पेटीकोट' म्हणत नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वादाचा दुसरा पदर जास्त गंभीर आहे. कोट्यवधी बायका नाडी बांधतात, वळ बहुतेकींना येतो, आणि असे रुग्ण मात्र नियतकालिकांत एक-एक, दोन-दोन करून नोंदवले जातात. मग कापडाला कारण म्हणावं का? सावधपणे लिहिणारे म्हणतात की घासणं ही साखळीतली एक कडी आहे. उष्मा, घाम, खाज, खाजवून झालेली जखम आणि तिच्याकडे झालेलं दुर्लक्ष या बाकीच्या कड्या. मला हे पटतं. १९४५ मध्ये वस्त्रावरून नाव देण्याचा निर्णय झाला, तो लक्षात राहायला सोपा होता, पण त्यामुळे सगळ्यांचं लक्ष कपड्यावर गेलं आणि वणावरून उडालं. धोतराला दोष दिला तेव्हा कुणी चिडलं नाही. साडीचं नाव येताच एक बाजू संस्कृतीवर घाला म्हणून धावली आणि दुसरी साडी सोडा म्हणून. कंबर कुणीच पाहिली नाही.

पाहायचं काय, ते त्याच लेखातल्या पहिल्या रुग्णाच्या हकिकतीत आहे. वय ७०, नऊवारी, आत घट्ट परकर. उजव्या कुशीवर न भरणारी जखम दीड वर्षापासून होती. पण तिथला रंग किंचित गेल्याचं तिला सहा वर्षांपूर्वीच दिसलं होतं आणि किरकोळ म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. मधली साडेचार वर्षं ही खरी मुदत. आपल्याकडे ती अशीच जाते, त्याला आणखी एक कारण आहे. कातडी पांढरी पडली की पहिला संशय 'कोड' फुटल्याचा, आणि कोड ही लपवायची गोष्ट. खाज असली तर मेडिकलवाल्याकडून गजकर्णाचं मलम. पदराखालची जागा दाखवायला डॉक्टरसमोर नाडी सोडावी लागते, तेही टळतं.

सरकारी दवाखान्यांत आणि मोबाइलवर त्वचेच्या कॅन्सरची जी लक्षणं फिरतात, ती इथे उपयोगाची नाहीत. ए-बी-सी-डी हा नियम १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी बांधला. तिळाचे दोन अर्धे सारखे नाहीत, कडा वेड्यावाकड्या, रंग एकापेक्षा जास्त, व्यास सहा मिलिमीटरच्या वर. बदलत जाणारा तीळ, म्हणजे ई, २००४ मध्ये जोडला गेला. तो नियम मेलानोमासाठी, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरसाठी, आहे आणि गोऱ्या कातडीवरचे तीळ समोर ठेवून केलेला आहे. सावळ्या माणसांत मेलानोमा बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली निघतो. कंबरेवरचा कॅन्सर तर वेगळ्याच जातीचा, कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा, स्क्वॅमस सेल म्हणतात तो. त्यात तीळ नसतोच. असतो तो जुना वळ, आणि त्या वळात पडलेला फरक: एका जागी जाडी वाढणं, खपली पडून पुन्हा धरणं, नाडी लागताच रक्त येणं, कडा उचलून कडक होणं, वास. तीन-चार आठवड्यांत न भरलेली जखम दाखवायची, मग ती दुखो वा न दुखो.

दाखवल्यावरही एक चूक होते. तपासणीसाठीचा (बायॉप्सीचा) तुकडा व्रणाच्या मधोमध घेतला तर बऱ्याचदा नुसती मेलेली कातडी आणि पू हाती लागतो, रिपोर्ट 'जुनाट जखम' म्हणून येतो आणि पुन्हा मलमपट्टी सुरू होते. म्हणून तो उचललेल्या कडेवरून घेतात, आणि त्याच वेळी जांघेत हात लावून गाठी चाचपतात. लुगडंवाल्या बाईची जखम दोन वर्षांची होती. तिच्या जांघेतल्या एका गाठीपर्यंत कॅन्सर पोचला होता.