गिरणीचा पट्टा आणि ग्रंथांची पालखी

निपाणी सोडून बेळगावच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो. मराठी साहित्यातली दोन माणसं या एवढ्याशा पट्ट्यातली. कवयित्री इंदिरा संतांचं बालपण तवंदी गावात गेलं आणि महादेव मोरे यांनी निपाणीत पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. दोघांच्या लेखनात फारसं साम्य नाही. दोघांनाही रोज कामावर जावं लागलं, हे मात्र सारखं. सीमाभागातल्या शाळेत निबंध लिहिणाऱ्या पोराला लेखक म्हणजे कोणी परग्रहावरचा माणूस का वाटत नाही, याचं बरंचसं उत्तर मला यात दिसतं.

मागे जायचं तर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात करावी लागेल. ते सुरू झालं 1848 साली, कंपनी सरकारच्या काळात, ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने. 1919 मध्ये बाबुराव ठाकूरांनी ‘तरुण भारत’ काढला. मराठी साहित्य संमेलन बेळगावात 1929 साली भरलं तेव्हा अध्यक्ष होते ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे. बेळगावातलं पुढचं 1946 चं, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचं. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच संमेलनात झाला. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला गेला. तेव्हापासून इथे मराठीत कविता लिहिणं ही नुसती हौस राहिली नाही. कधी कधी त्याचं ओझंही होतं, हे कबूल करायला हवं. प्रेमाची कविता घेऊन संमेलनाच्या मांडवात आलेल्या मुलाला ‘सीमाप्रश्नावर एखादी म्हण की’ असा आग्रह होतो.

इंदिराबाईंनी हे ओझं घेतलं नाही. 1946 सालीच त्यांचे पती, लेखक ना. मा. संत, गेले. पदरी लहान मुलं होती. त्या बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत राहिल्या, पुढे प्राचार्य झाल्या. ‘शेला’ हा कवितासंग्रह 1951 चा, ‘मेंदी’ 1955 चा; ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला 1984 मध्ये. म्हणजे नाव होण्याआधीची आणि नंतरचीही वर्षं याच गावात, वर्ग आणि घर सांभाळून. मराठी शाळांत शिकवणाऱ्या कितीतरी बायकांच्या मनात ‘बाईंना जमलं’ हा विचार कुठेतरी असतो. त्यांचा मुलगा प्रकाश नारायण संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचा. लंपन नावाच्या मुलाच्या कथांचं त्याचं पहिलं पुस्तक ‘वनवास’ 1994 मध्ये आलं, तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे बरंच सरकलं होतं. लंपनची कानडी हेल मिसळलेली मराठी छापून आली तेव्हा बेळगावकरांना आपल्या बोलीची लाज वाटायची थोडी कमी झाली असावी.

महादेव मोरे यांची गोष्ट याहून खरबरीत. गॅरेज, टॅक्सी आणि मग गिरणी, असा त्यांचा प्रवास. निपाणी हे तंबाखूचं गाव. वखारींतून दिवसभर तंबाखूच्या खकाण्यात उभ्या असणाऱ्या बायका, बिड्या वळणाऱ्या बायका, रस्त्यावरचे ड्रायव्हर-क्लीनर, देवदासी, हमाल ही माणसं त्यांना शोधायला कुठे जावं लागलं नाही. दळणाचा डबा घेऊन तीच दारात यायची. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडलं. 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 शेतकरी गेले. देशाला निपाणीचं नाव त्या दिवसांत कळलं. मोरे त्याच्या कितीतरी आधीपासून या गावावर लिहीत होते. ‘एकोणिसावी जात’ हे त्यांच्या एका पुस्तकाचं नाव. अठरापगड जातींच्या हिशेबात न बसणाऱ्यांची मोजणी त्या एका शब्दात आहे.

पुण्या-मुंबईच्या समीक्षेने त्यांची दखल घेतली, पण हात राखून, असं माझं मत. ‘गिरणीवाला लेखक’ हे कौतुकाचं बिरुदही थोडं घातकच ठरलं. लोक गिरणीबद्दल विचारायचे, वाक्यांबद्दल कमी. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांतही आधी गिरणी आली.

कोवाडचे रणजित देसाई बेळगावला लागूनच, चंदगड तालुक्यातले. त्यांची ‘स्वामी’ कादंबरी वाचून इतिहासाकडे वळलेली एक अख्खी पिढी सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. पण ते घराणं जमीनदारांचं. त्यांच्याबद्दल आदर वाटतो, आपलेपणा जरा लांबून.

या माणसांना गावापर्यंत नेण्याचं काम केलं ते ग्रामीण साहित्य संमेलनांनी. बेळगावजवळच्या कडोलीत हे सुरू होऊन जवळपास चार दशकं झाली. मग येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी, खानापूर तालुक्यात माचीगड, निपाणीकडे कारदगा, असं लोण पसरत गेलं. सुगी आटोपली की, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, एकेका रविवारी एकेका गावात मांडव पडतो. वर्गणी गावाची, तांदूळ शेतातला. सकाळी देवळापासून ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि बरोबर नवी पुस्तकं. पुढे लेझीम, टाळ-मृदंग, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका. वारकऱ्यांच्या या मुलखात पालखीपुढे वाकायची सवय आहेच, त्यामुळे कादंबरीलाही हात जोडले जातात. थोडं गमतीचं दिसतं, पण मला ते आवडतं.

दिवसभराचा क्रम ठरलेला: अध्यक्षांचं भाषण, परिसंवाद, जेवण, कथाकथन, शेवटी कवी. अध्यक्षीय भाषण बहुधा लांबतं आणि त्याची कसर कविसंमेलनातून काढली जाते. खरी गर्दी कथाकथनाला. पोरांच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची वेळ दुपारच्या पंगतीची. व्यासपीठावरचा पाहुणा तिथे शेजारी बसलेला असतो आणि भात वाढायला हायस्कूलची मुलं असतात. ‘सर, मी पण लिहितोय’ हे वाक्य तिथेच, हातात भाताची बुट्टी धरून म्हटलं जातं. पाहुण्याने मान वर करून ‘दाखव की मग’ म्हटलं तर पोरगं बुट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन वही आणायला पळतं.